‘येते’ म्हणायची बंदी

“तुझ्या घरात पोर आहे ना? मग तूच लिही,” सर म्हणाले आणि फोनला लागले.

दादरला आमचं मुलांच्या पुस्तकांचं छोटं ऑफिस आहे. मी तिथे चित्रं काढते, पानं लावते. लिहिणं माझं काम नाही. पण लेखिकाबाईंनी ऐन वेळी हात वर केले होते आणि प्रेसची तारीख ठरलेली होती. घरात पोर असलं की गोष्टी आपोआप सुचतात, असं ज्यांच्या घरात पोर नसतं त्यांनाच वाटतं. बाकीच्यांना फक्त झोप येते.

त्यात आमच्याकडे तेव्हा वेगळंच चाललं होतं. माझी पाच वर्षांची मुलगी सई मला सकाळी निघताना ‘येते’ म्हणू देत नव्हती.

आपल्यात निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. अशुभ वाटतं. दिवाळीनंतर माझे सासरे छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलला निघाले, तेही डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत गॅलरीत थांबून नातीला म्हणाले, “येतंय गो चेडवा.” मालवणी माणूस, दुसरं काय म्हणणार? ते परत आले नाहीत. सईला आम्ही समजावलं, फोटो दाखवला, देवबाप्पाकडे गेले म्हणून सांगून झालं. तिच्या डोक्यात एकच बसलं. येते म्हणणारी माणसं येत नाहीत.

“तू जाते म्हण,” ती माझी ओढणी धरून म्हणायची.

“असं बोलू नये गं.”

“मग जाऊच नको.”

शेवटी मी ‘जाते’ म्हणू लागले. तसं म्हटलं की आतून सासूबाई, “सकाळीच काय ता अभद्र बोलतंस गो?” दोघींच्या मधे मी चपला घालत उभी. नुसता वैताग.

मग मी तेच लिहिलं. डोक्यात दुसरं काही नव्हतंच. डमी केली. डमी म्हणजे छपाईआधी हाताने बनवलेलं कच्चं पुस्तक, पेन्सिलची चित्रं आणि चिकटवलेला मजकूर. सरांनी ती उभ्या उभ्याच चाळली.

“छान आहे. पण शेवटी आजोबा परत आले पाहिजेत.”

“सर, ते वारलेत.”

“तुझ्या घरातले. पुस्तकातले येऊ देत की! आईबाप दुकानात शेवटचं पान आधी बघतात. रडकं पुस्तक कोण घेणार?”

वाद घालायचं त्राण नव्हतं. शेवटच्या पानावर आजोबा काढले. दारात उभे, हातात नातीसाठी गोड खाज्याची पुडी. चेहरा सासऱ्यांचाच आला, दुसरा कुठून आणू?

डमी आधी एखाद्या मुलाला वाचून दाखवायची, अशी आमची पद्धत. घरात सई होतीच. मांडीवर बसून तिने सगळं ऐकलं. शेवटचं पान बराच वेळ बघितलं. मग खाली उतरली, स्टूल ओढलं, दाराची कडी काढली आणि गॅलरीत दोन्हीकडे बघून आली.

“कुठायत?”

सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

“आजोबा येणार नाहीत, सई. ते चित्र खोटं आहे.”

ती रडली. खूप रडली. मीही रडले. मग नाक पुसत ती म्हणाली, “आणि तू?”

“मी रोज येते की गं.”

“मग आल्यावर सांगत का नाहीस?”

खरंच की! निघताना सगळे ‘येते’ म्हणतात, पण परत आल्यावर ‘आले’ कोण म्हणतं? मी तर पर्स टाकायची आणि कुकर लावायची.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर डमी ठेवली.

“आजोबा कुठे गेले?”

“काढून टाकले. शेवटी आई दारात उभी राहून ‘आले’ म्हणते. बस्स.”

“आणि नाही खपलं तर?”

“नाही तर नाही. पण आजोबांना परत आणायचं असेल तर चित्रं दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.”

एवढं बोलायचं बळ कुठून आलं कोण जाणे. बहुतेक थकव्यातूनच आलं असावं. सरांनी पानं मागेपुढे केली, चष्मा काढला, पुसला.

“मागच्या कव्हरवर तरी जरा रंग टाक,” म्हणाले.

पुस्तक निघालं. बरं चाललंय, फार काही नाही. मला मात्र सकाळी ‘येते’ म्हणायची परवानगी मिळाली, एका अटीवर. परवा दमून तशीच आत शिरले आणि पाणी प्यायला लागले, तर सईने हाताला धरून मला गॅलरीत नेलं आणि आतून दार लावून घेतलं. मी मुकाट्याने कडी वाजवली.

“कोण?”

“आले गं बाई, आले.”

घरातून पुस्तक सुचतं, हे सरांचं म्हणणं खरं निघालं. फक्त ते छापून झालं की संपत नाही, रोज संध्याकाळी दारात उभं राहून करून दाखवावं लागतं, एवढं त्यांनी सांगितलं नव्हतं.