हेन्रीचा मुलगा थॉमस

माझं अक्षर कोंबडीने पाय फिरवल्यासारखं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला अजून समजत नाही. शाळा चौथीत सुटली. हे कागद कोणाच्या हाती लागलेच तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. मला फक्त आमच्या भासऱ्यांबद्दल लिहायचं आहे. भासरे म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर बोलायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे इतक्या वर्षांचं ऐकलेलंच साठून राहिलं आहे.

दुसऱ्यांची खानदानं आमच्या भासऱ्यांइतकी पाठ असलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात नसेल. ते एसटीत कंडक्टर होते. प्रवाशाचं गाव, बापाचं नाव आणि मामाचं आडनाव समजल्याशिवाय ते सुटे पैसे परत देत नसत. दुसरबीडची गाडी गावी पोचेपर्यंत गाडीतले निम्मे लोक एकमेकांचे सोयरे निघत, आणि एकदा तर भांडत बसलेले दोघे साडू निघाले, ते आणखी जोरात भांडू लागले. रिटायर झाल्यावर गाडी गेली, चौकशी राहिली. दूधवाल्यापासून मीटर पाहायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ते ओट्यावर बसवून घेत आणि दाराकडे पाहून म्हणत, "घरात कोणी असन तर चहा ठेवा." घरात मीच असे.

अशा माणसाला एका प्राध्यापकांनी इंग्रजाचं काम दिलं. इंग्रजांच्या काळात बुलढाण्याला साहेबांच्या घोड्यांची खोगिरं शिवणारा एक गोरा होता, थॉमस हेन्री हॉकिन्स. त्याची कबर इथे आहे. त्याच्या वंशातल्या, प्राध्यापकांच्या ओळखीच्या एमिली रोज हॉकिन्स नावाच्या बाईंना विलायतेत बसून आपलं मूळ शोधायचं होतं. जुनी दप्तरं चाळायला, नकला काढायला आणि गाडीभाड्याला त्यांनी पैसे पाठवले. भासऱ्यांनी ठेवणीतला कोट काढला.

एका कचेरीत अर्जात मृताशी नातं विचारलं होतं. भासऱ्यांनी लिहिलं, शेजारी. कारकून हसला तर त्याला म्हणाले, कबर माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे, मग आणखी काय असतं शेजारी म्हणजे? त्या कारकुनाचे आजोबा आमच्या जवळच्या देऊळघाटचे निघाले, त्यामुळे अर्ज पास झाला. अकोला झालं, अमरावती झालं. शेवटी एका चर्चच्या जुन्या वहीत हेन्री हॉकिन्स सापडला, धंद्याने पाव भाजणारा, वयाने थोर. भासरे घरी आले ते वरातीतून आल्यासारखे. थॉमसचा बाप सापडला होता. बाप विलायत सोडून इकडे कसा, असं माझ्या मालकांनी विचारलं, तर म्हणाले, म्हातारपणी बाप पोराजवळच येईल ना. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी वंशावळ काढली, प्राध्यापकांनी ती इंग्रजीत करून पाठवली आणि बाईंनी ती चौकटीत घालून भिंतीवर लावली.

आमच्या गल्लीत कोणी मॅट्रिक झाल्यासारखे पेढे वाटले गेले.

प्रत्येक निरोपाच्या शेवटी भासरे सांगत, रोजसाहेबांना नमस्कार कळवा. प्राध्यापकांना वाटे, असतील घरातले कोणी. एक दिवस त्यांनी आमच्याच ओट्यावर बसून बाईंशी फोनवर बोलणं घडवलं, तोंड दिसतं तसं. मी दाराआडून पाहिलं. केस पिकलेल्या, हसऱ्या बाई होत्या. भासऱ्यांनी पहिलंच विचारलं, तुमचे वडील रोजसाहेब कसे आहेत? प्राध्यापकांनी ते इंग्रजीत सांगितलं तशा बाई खूप हसल्या. त्यांच्या वडिलांचं नाव पीटर होतं. रोज हे त्यांचंच नाव, आजीने हौसेने ठेवलेलं.

फोन बंद झाल्यावर भासऱ्यांनी कॅलेंडर उलटं करून वंशावळ पाहिली. मग विचारलं, "त्याहिच्यात मधलं नाव बापाचं नसते काय?"

"नसतं," प्राध्यापक म्हणाले.

थॉमसचा बाप हेन्री, याला दुसरा काही पुरावाच नव्हता. त्या रात्री भासऱ्यांनी ताट तसंच परत पाठवलं. माझ्या मालकांनी समजावलं, की ती माणसं सातासमुद्रापलीकडे खूश आहेत, भिंतीवर चौकट लागली आहे, आता कशाला खोदता? भासरे एवढंच म्हणाले, "दुसऱ्याचा बाप लावून देल्ला बे मी त्याहिले."

सकाळी त्यांनी प्राध्यापकांना खरं ते लिहायला लावलं. बाईंचं उत्तर आलं की काही हरकत नाही, पैसे परत नकोत. पण पेन्शन झाली की भासरे त्यातून थोडे प्राध्यापकांकडे पोचवू लागले, पुढे पाठवा म्हणून. कोट पुन्हा पेटीत गेला. ओट्यावर माणसं येत, पण आता त्यांना तुम्ही कोणाचे कोण, असं भासरे विचारत नसत, आणि मला चहा करायला बोलावणं येत नसे. घर शांत झालं, तेव्हा मी सुटले असं मला आधी वाटलं होतं.

गेल्या महिन्यात प्राध्यापक स्वतः उरलेला शेवटचा हप्ता घ्यायला आले. बाईंचा निरोप होता. त्यांनी चौकट काढलेली नाही. त्या पाववाल्या हेन्रीचं पुढे कोणीच सापडत नाही, तर त्याला त्यांच्याच घरात राहू द्यावं, असं त्यांना वाटतं.

भासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "राहू द्या म्हणा मंग त्याले," ते म्हणाले, "पण हे मोजून घ्या."

प्राध्यापकांनी ओट्यावर बसून नोटा मोजल्या. पैसे पुरे फिटले होते.