संकल्पातले भिंग

आमच्या घरी नित्यपूजेचा आरंभ संकल्पाने होतो. उजव्या तळहातावर पळीभर पाणी घ्यावयाचे. संवत्सर, मास, तिथी सांगावयाची. आणि आपण पृथ्वीच्या कोणत्या भागात बसलो आहोत, तेही देवाला सांगावयाचे. आमचे शहर गोदावरीच्या उत्तरेस, म्हणून मी त्या उत्तर तीराचा उच्चार करतो आणि पाणी ताम्हनात सोडतो. हे चालले असता पत्नी शेजारी बसून माझ्या उजव्या हाताला आपला हात लावते. त्या स्पर्शाने माझा संकल्प तिचाही होतो, अशी आमच्याकडची श्रद्धा. रोज तिने बसलेच पाहिजे असे नाही. पण विवाहापासून ती बसत आली आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एका पाडव्याला या संकल्पात मी एक वाक्य अधिक जोडले. ज्या भूमीचे नाव घेऊन आपण रोज देवापुढे बसतो, तिथल्या माणसांनी केलेल्या वस्तू सोडून दूरदेशीच्या वस्तू घरात आणणे मला विसंगत वाटू लागले होते. म्हणून यापुढे होता होईतो आपल्याच माणसांच्या हातचे वापरू, असे मी संस्कृतात म्हटले. तिचा हात माझ्या हातावर होता.

नियम लागू झाला. तेल जवळच्या लाकडी घाण्याचे येऊ लागले. साबण शहरातल्याच एका बचत गटाचा आला. त्याविषयी ती म्हणाली, “तुमच्या या साबणाला फेस येईस्तोवर माझी अंघोळ उरकते हो!” देवाच्या वाती ती स्वतःच वळत असे; कापूस तिच्या माहेरचा, सोयगावचा. कापूर गुलमंडीवरच्या एका वृद्ध दुकानदाराकडून आणीत असू. त्याच्या डबीवर देवीचे चित्र होते. घरात कुरकुर झाली, पण विरोध झाला नाही. मीही ती संमतीच मानली.

पुढे तिच्या वाती बिघडू लागल्या. एक जाड, एक बारीक, एखादीला मध्येच गाठ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा पिकला होता, तो आधी करावयाचा ठरला.

शस्त्रक्रियेच्या सकाळी तिला आतल्या खोलीत डोळ्यांत थेंब घालण्यासाठी नेले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. वयाने माझ्या मुलीसारख्या.

“काका, भिंग कोणतं बसवायचं? एक बाहेरच्या देशातलं आहे, एक आपल्याकडे तयार झालेलं.”

“गुणांत काही भेद?”

“काकूंच्या डोळ्याला दोन्ही चालतील. बरेच जण बाहेरचं मागतात, म्हणून विचारते.”

खर्चाचा प्रश्न नव्हता. प्रश्न नियमाचा होता, आणि नियम आम्हा दोघांचा होता, असे मी धरून चाललो. “आपल्याकडचे,” मी म्हणालो आणि सही केली. आतली खोली दहा पावलांवर होती. तिथे जाऊन तिला विचारावे, हे माझ्या मनातसुद्धा आले नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मी तिच्यासमोर उभा होतो.

“दिसतंय?”

“धूर दिसतोय. धुरात कुणी तरी उभं आहे. तुम्हीच असाल.”

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिले. बुबुळावर सूज आहे, काहींना येते, थेंबांनी उतरेल, असे त्यांनी सांगितले. मी मान हलवली. घरी आल्यावर मात्र माझे चित्त ठिकाणावर राहिले नाही. ती पेल्याशेजारी पाणी ओती. दाराची कडी चाचपडत शोधी. जपाला बसावे, तर माळेचे मणी बोटांतून सरत आणि मन तिच्या त्या एका डोळ्याशी जाऊन थांबे. माझ्या व्रताचा भार तिच्या डोळ्याने का वाहावा? सूज उतरलीच नाही तर?

चौथ्या दिवशी पुन्हा तपासणी झाली. धूर तसाच होता. मला राहवले नाही. “डॉक्टर, बाहेरचे भिंग घातले असते तर हे टळले असते का?”

“नाही काका. सुजेचा भिंगाशी संबंध नाही.”

माझी शंका फिटली नाही. आणि शेजारी बसलेल्या पत्नीने मान वळवली.

“बाहेरचं पण होतं?”

डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी कसेबसे म्हणालो, “आपला नियम आहे ना. पाडव्याचा. तुझा हात होता माझ्या हातावर.”

“हात होता,” ती म्हणाली. “तुम्ही काय म्हणत होता ते मला कुठं कळत होतं? साबण तुम्ही ठरवला, मी लावला. डोळा माझा आहे हो.”



दुसऱ्या सकाळी ती नेहमीप्रमाणे पूजेला बसली. मी पाणी घेतले, तिथी सांगितली. हातावर स्पर्श आला नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. संकल्प तसाच पुरा केला. हे आणखी चार दिवस चालले. थेंब मी वेळेवर घालीत होतो, ती निमूटपणे डोळा उघडून धरीत होती. दिसते का, हे विचारण्याचे धैर्य मला होत नव्हते.

नवव्या दिवशी आरतीसाठी तिने कापराची डबी उचलली आणि ती खिडकीजवळ नेऊन उलटी केली. तिला आता डबीही ओळखू येत नाही, असे मला वाटले.

ती एकेक अक्षर लावून वाचू लागली. सातवीपर्यंत शिकलेले इंग्रजी तिला अद्याप आठवत होते. डबीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, समुद्रापलीकडच्या एका देशाचे नाव होते.

“बघा,” ती म्हणाली, “तुमचा कापूर विमानातून येतोय. देवीचं चित्र तेवढं इथलं.”

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षे मी ती डबी उलटी करून पाहिली नव्हती, ही लाज होती. ती वाचत होती, हा आनंद त्याहून मोठा होता. “तुला हे वाचता आले?”

“कालपासून धूर विरळ झालाय. तुम्ही विचारलंत कुठं?”

दुसऱ्या दिवशी तळहातावर पाणी घेऊन मी थांबलो आणि आमच्या संसारात प्रथमच संकल्पाचा अर्थ तिला मराठीत सांगितला. कोणते वर्ष, कोणती तिथी, कोणते तीर. पाडव्याला जोडलेले वाक्यही सांगितले. पाणी बोटांच्या फटींतून ठिबकत होते.

“रोज एवढंच म्हणता?”

“एवढेच.”

“मग लावते हात. साबणाचं राहू द्या, कापराचं तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्या डोळ्याचं मात्र मी सांगीन.”

दुसऱ्या डोळ्याची तारीख आता जवळ आली आहे. कोणते भिंग, हे तिने अजून सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. रोज सकाळी तिचा हात येतो, पण पूर्वीपेक्षा किंचित उशिरा. मी काय म्हणतो ते ऐकून घेतल्यावर. तोवर मी तळहाताची बोटे घट्ट जुळवून बसतो, आणि पाणी संपण्याआधी तो यावा, एवढीच प्रार्थना करतो.