भोंगा झाला, पण किसन थांबला नाही

त्या संध्याकाळी इंदुरात मिलचा भोंगा झाला आणि चालू मॅचमध्ये आमची सगळी टीम जागच्या जागी उभी राहिली. सेमीफायनल होती, आम्ही एका पॉइंटने मागे होतो आणि मॅच संपायला अर्धं मिनिटही उरलं नव्हतं... आता पंच्याऐंशी उलटली तरी आठवलं की हसू येतं. आणि मागोमाग लाजही वाटते.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा होता. राजधानी भोपाळला गेली याचा राग इंदूरकरांच्या नाकावर अजून होता, आणि तो आम्ही कोर्टवर काढायचो. मिलने आम्हा दहा जणांना बास्केटबॉलसाठीच नोकरी दिली होती.

सकाळी चार तास काम, मग जेवण, मग भोंग्यापर्यंत प्रॅक्टिस. भोंगा झाला की बॉल खाली ठेवायचा, हा आमच्या कोचचा, जोशीजींचा नियम. इतका अंगात भिनला होता की झोपेतही पाळला असता.

आम्ही नऊ जण ऑफिसात हलकी कामं करायचो. महूचा किसन तेवढा साच्यांवर, म्हणजे लूमवर. तोच का, हे आम्ही कधी विचारलं नाही... खरं सांगतो, विचारावंसंही वाटलं नाही.

खेळ मात्र काय होता त्याचा! त्या सीझनला आम्ही जे जिंकलो ते त्याच्या हातांवर. बॉल हातातून सुटला की तो बघत थांबायचाच नाही, वळून परत पळायला लागायचा. इकडे बॉल जाळीतून गेलेला असायचा.

पण मला तो आवडायचा नाही. मी मागून घसा फोडून पास मागायचो, हा देणार नाही. काही बोललं की तोंडाकडे टक लावून बघणार, आणि भोंग्यानंतरही दोन-चार शॉट मारूनच थांबणार... आम्ही आपसात म्हणायचो, हा भिया, म्हणजे इंदुरी बोलीत भाऊ, स्वतःला समजतो कोण.

शेवटी मीच जोशीजींकडे गेलो. म्हटलं, हा कुणाचं ऐकत नाही, ह्याच्यापायी टीम बिघडते आहे. त्यांनी आठवडाभर बघितलं आणि किसनला समोर बसवून सांगून टाकलं... सेमीफायनल खेळ, मग तू टीममध्ये नाहीस.

टीममध्ये नाही म्हणजे रोज आठ तास साचे. किसनने मान डोलावली आणि बॉल उचलून कोर्टवर गेला. मला वाटलं, बघा, अजून घमेंड जात नाही.

मॅच उज्जैनच्या एका मिलच्या टीमशी होती, आमच्याच कोर्टवर. प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यांचे हार-तुरे लांबले, आणि खेळ संपायच्या आत भोंग्याची वेळ झाली. भोंगा झाला... आम्ही थांबलो. उज्जैनवालेही शेवटी मिलचेच, तेही थांबले. बघायला आलेले लोक चपला शोधायला लागले.

किसन थांबला नाही. उज्जैनच्या कॅप्टनने बॉल काखेत धरला होता, तो ह्याने अलगद काढून घेतला, टप्पे देत गेला आणि बास्केट केली. मग सवयीने वळून पळत आला आणि आमच्याकडे बघत राहिला, की ह्या सगळ्यांना झालंय काय.

उज्जैनवाल्यांनी एकच गोंधळ घातला. रेफरी थंड डोक्याचा माणूस. एवढंच म्हणाला, "मैंने सीटी बजाई क्या?" बास्केट धरली गेली, उरलेले सेकंद आम्ही कसेबसे काढले आणि एका पॉइंटने जिंकलो.

सगळे नाचत होते. किसन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सीटी झाली होती का रे?"

"नाही, भोंगा झाला."

"कधी?"

लांबच्या हातोद गावापर्यंत ऐकू जातो म्हणायचे लोक त्या भोंग्याला, आणि हा मिलच्या भिंतीला लागूनच खेळत होता...

"माझ्या कानात साचे चालूच असतात, भिया," तो म्हणाला. "मी रेफरीचा हात बघून खेळतो. हात वर नाही गेला, म्हणून खेळत राहिलो." मग म्हणाला, "जोशीजींना नको सांगूस. घमेंडी म्हणून टीममधून जाईन, बहिरा म्हणून मिलमधूनच जाईन."

म्हणजे अख्खा सीझन हा माणूस नुसत्या नजरेवर खेळला होता. तोंडाकडे टक लावायचा ते आमचे ओठ वाचायला. आणि मी त्याच्या पाठीमागून ओरडत होतो.

तरी मी जोशीजींना सांगितलं. तक्रार माझी होती, मागे घ्यायलाही मीच जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला जोशीजींनी सीटी आणलीच नाही. म्हणाले, आजपासून सगळं हातांच्या खुणांनी, ज्याला पास हवा त्याने किसनच्या समोर यायचं.

मिलच्या साहेबांशी ते काय बोलले माहीत नाही. पण पंधरा दिवसांत किसन साच्यांवरून कापडाच्या गोदामात आला, आणि टीममध्ये पुढे कितीतरी सीझन राहिला.

फायनल आम्ही जबलपूरला हरलो, चांगलेच हरलो. परतीच्या गाडीत मी किसनच्या समोर जाऊन बसलो, माझं तोंड त्याला नीट दिसेल असा. म्हटलं, "चुकलं माझं, किसनभिया. माफ कर."

तो बघत राहिला. "काय? नाही कळलं." मी पुन्हा म्हटलं. "अजून एकदा," तो म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना माझं लक्ष गेलं, लेकाचा मिशीतल्या मिशीत हसत होता... पहिल्याच वेळी कळलं होतं त्याला सगळं.

मी तीनदा म्हटलं तेही कमीच होतं, भिया.