नणंदबाईंचं जवाचं पाणी

आमच्या नणंदबाईंसारखं नाक अख्ख्या सुरतेत कुणाला नव्हतं, हे मी आजही छातीठोक सांगते. दारूबंदी सरकारची खरी, पण आमच्या डिंडोलीच्या गल्लीत ती चालवायच्या त्या. लूमच्या कारखान्यातली पाळी सुटली की पदर खोचून ओट्यावर उभ्या, आणि येईल त्या बाप्याला हुकूम, "हा कर रे भो!" तो बिचारा 'हा' करायचा, या हुंगायच्या, मग सुटका. सख्ख्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांनाही माफी नव्हती.

दुसरं वेड मोड आणायचं. मूग-मटकी सोडा हो, गहू, नागली, हाताला लागेल ते फडक्यात बांधायच्या. मूतखड्यावर कुणाला डॉक्टरनं जवाचं पाणी सांगितलं, तर म्हणाल्या, "नुसत्या जवात काय जीव? मोड आणते!" मोडाचे जव गच्चीवर वाळवायचे, भाजून भरडायचे, गरम पाण्यात मुरवून गाळायचे, गूळ नि कडू काडेचिराईत घालून उकळायचे, आणि निवलं की ढोकळ्याचं पीठ आंबवायच्या बरणीत ओतायचं. ती बरणी कधी धुवायच्या नाहीत, म्हणे चव जाते. चार दिवसांनी फेस आला की खूश. "बघ गं, गुण उतरला!" अर्धी गल्ली ते प्यायची, बाई स्वतःही. खडा नसताना आमचे हेही मनोभावे प्यायचे. बाईंचं नाक मोहाच्या दारूवर तयार झालेलं, ढोकळ्याचा वास आला की माफ.

मग माझ्या लेकीला बघायला पर्वत पाटियाहून मंडळी आली. घर माळकरी. दारूला शिवणारं घर नको, ही पहिलीच अट. मुलाच्या वडिलांना मूतखडा आहे कळताच बाईंनी पेला भरला. त्यांनी तो संपवून आणखी मागितला. मुलाचे मामा औरंगाबादला बिअरच्या कारखान्यात कामाला. त्यांनी एक घोट घेतला आणि बघतच राहिले.

"आत्याबाई, हे केलं कसं?"

बाई कौतुकानं मोडापासून बरणीपर्यंत सांगत सुटल्या.

"अहो, आमच्याकडं असंच करतात! कडू तेवढं वेगळं घालतात. ही बिअर हाय!"

माझ्या हातातली पोह्यांची बशी कलंडली. व्याह्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. आमचे हे जमिनीकडे बघायला लागले. बाई पांढऱ्याफटक पडल्या आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, "हुंग गं. माझं तोंड हुंग."

काय हुंगणार? मला तर रडूच फुटलं. लेक दाराआड उभी. शेवटी व्याहीच म्हणाले, "ज्या घरात दारू समोर असून ओळखू येत नाही, त्या घराची आणखी काय परीक्षा घ्यायची? माझ्याकडून अजाणता झालं, विठ्ठल बघून घेईल. पोरगी आमची."

लग्न झालं. बरणी बाईंनी घासूनपुसून मला देऊन टाकली. त्यानंतर त्यांनी कुणाचं तोंड हुंगलं नाही. पोरंच सवयीनं ओट्यापुढे थांबून 'हा' करायची, तर त्या नजर वळवून म्हणायच्या, "जा रे भो, जेवून घे."

आता बाई नाहीत, ओटा रिकामाच असतो. तरी आमचे हे तिथून जाताना थांबतात, आणि मला पाठमोरे दिसले तरी कळतं, तोंड उघडलेलं असतं.