मांजरीच्या मिशा आणि फणसाचा चीक

तंजावरला राजवाड्यामागे एकटे राहणारे निवृत्त शिक्षक सेतुराव यांच्या मांजरीच्या मिशांना फणसाचा चीक चिकटला. तिचा त्रास बघवेना म्हणून त्यांनी मिशाच कातरल्या. सकाळी मांजर चौकटीला धडकली, मग खिडकीच्या गजांत अडकून किंचाळू लागली. सेतुरावांनी शेजारी हाक मारली.

शेजारी राहणारी जनावरांची डॉक्टर वाणी धावत आली आणि तिने मांजरीला सोडवलं.

“काका, चिकाला तेल लावायचं! मिशा कशाला कापल्या? फटीतून अंग जाईल का, हे ती मिशांनीच चाचपते.”

“म्हणजे मी तिला आंधळं केलं?” सेतुरावांनी विचारलं.

“वाढतील परत.”

मिशा वाढेपर्यंत सेतुरावांनी घरातली एक खुर्चीही हलवली नाही.