मॅडमच्या नावानं पोरींचा खेळ बंद करू नका

अर्चना मॅडम परवा गेल्या आणि आज त्यांच्याच शोकसभेत त्यांची टीम मारायला काढली.

होय, मारायलाच. दहावी शिकलेली बाई मी, दुसरा शब्द येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मॅडम म्हणजे माझ्या लेकीच्या, सानिकाच्या कॉलेजात मुलींचा खो-खो घेणाऱ्या. परवा ग्राऊंडवरून घरी गेल्या, गॅसवर चहा ठेवला आणि तिथंच कोसळल्या. हार्ट अटॅक.

आज सकाळी देवापुढं दिवा लावला आणि सानिकाबरोबर मीपण सभेला गेले.

ग्राऊंडवरच मांडव. हार घातलेला फोटो. दोन मिनिटं मौन.

मग प्राचार्य बोलायला उठले. "मॅडमच्या जाण्यानं आपल्या क्रीडा विभागाला खो बसला आहे."

आणि पुढं म्हणतात, "त्यामुळं यंदा विद्यापीठ स्पर्धेला मुलींचा संघ पाठवायचा नाही. हीच मॅडमना खरी श्रद्धांजली."

लोकांनी माना डोलावल्या हो!

अहो सर, ज्या बाईनं जन्मभर खो द्यायला शिकवलं, तिच्याच फोटोपुढं तुम्ही खो घालताय?

आमची सानिका टीममधली सगळ्यात चपळ. पण पहिल्या वर्षी कुणाला खो द्यायचीच नाही. एकटीच पळायची, दमायची आणि समोरची निसटली की बाकीच्यांवर डाफरायची.

मॅडमनी तिचं पळणंच बंद केलं. रोज नुसतं ओळीत बसवलं.

मी भांडायला गेले. पैसा बघून वापरणारी बाई मी. बूट काय बसायला घेतले का?

मॅडम हसल्या. "वहिनी, लोकांना पळणारी एकटी दिसती. पण बसलेल्या आठ जणी जाग्या असत्यात म्हणून ती पळती. आधी हिला पाठीमागं कान ठेवून बसायला येऊ दे की."

ती बसली. शिकली.

गेल्या पावसाळ्यात मला ताप होता. तरी खाली बसून भाकऱ्या थापत होते. मागनं पाठीवर थाप पडली.

"खो!"

मी उठले, ती बसली.

स्वतःचं ताट न उचलणारी पोरगी ही! कुणी सांगितलं नव्हतं तिला.

कॉलेजच्या गेटवर 'टीमवर्क' म्हणून मोठा बोर्ड लावलाय. तो बोर्ड वाचून आलं नाही हे. त्या ग्राऊंडच्या मातीत आलं.

सभा संपली. सगळे उठले.

पोरी उठल्या नाहीत. खेळायला बसतात तशाच बसून राहिल्या. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, फोटोसमोर सरळ ओळ.

"उठा आता," सर म्हणाले.

"खो मिळाल्याशिवाय उठायचं न्हाय, सर," सानिका म्हणाली. "मॅडमनीच शिकवलंय."

"अगं पण तुम्हाला बघायला आता आहे कोण?"

"आम्ही हाय की एकमेकीला."

तिच्या शेजारची पोरगी म्हणाली, "संघ जाणार म्हणा. लगेच उठतो."

सर म्हणाले, "बघू." आणि गाडीत बसून गेले.

बघू!

मेलेल्या माणसाचं नाव पुढं करून जिवंत पोरींना घरी बसवता, आणि वर बघू? बाई जिवंत असताना एकदा तरी येऊन बघितलं होतं का, पोरी कशा खेळतात ते?

दुपार टळली. पोरी अजून तिथंच आहेत. मी पिठलं-भाकरी बांधून निघालेय. टीममधल्या बाकीच्या आयांनीपण यावं. येताना प्यायचं पाणी आणा. रडायला येणार असाल तर येऊ नका.

मॅडम, आई अंबाबाई तुमच्या आत्म्याला शांती देवो.

आम्ही मात्र आज शांत बसणार नाही.