सुयांची गादी

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बसस्टँडवर शेजारी बसलेल्या त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कौतुकही करावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं. वीस वर्षं मी गोंदियात भरतकाम शिकवते. तिच्या मांडीवर तळहाताएवढं लाल कापड होतं आणि त्यावर धानाची लोंबी भरलेली, दाणा न् दाणा सुटा. एखादी चूक सापडावी म्हणून मी ते मागून घेतलं आणि उलटं केलं. मागची बाजूही तितकीच साफ. असा जळफळाट झाला माझा!

"सुया खोचाले गादी करून राहिली जी," ती म्हणाली. कडेनं धावदोरा घालून तिनं कापड बटव्यासारखं आवळलं आणि पिशवीतून केसांचा पुंजका काढून आत दाबून दाबून भरू लागली. पांढरे, तेलकट केस.

मी नाक मुरडलं. "कापूस नाही मिळाला?"

"मायचे केस आहेत. विंचरताना गळलेले सारे जपून ठेवले मी. आता माय नाही राहिली." तोंड शिवून तिनं दोरा दातानं तोडला. "अन् तेल मुरलं आहे ना, सुईले गंज नाही चढत."

माझी आई गेली त्याच वर्षी केसांवर भांडी देणारी दारावर आली होती. आईच्या केसांचा पुंजका देऊन मी स्टीलची वाटी घेतली. घासाघीस करून मोठी घेतली.

त्याच वाटीत मी टाचण्या ठेवते. दर पावसाळ्यात त्या गंजतात.